सरांची सभा, आणि ग्रुपमधून काढलेला वर्गमित्र

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलेल्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांना गणित शिकवणारे सर तीन महिन्यांपूर्वी गेले. वय पंचाहत्तर, जवळजवळ सगळी नोकरी एकाच शाळेत. सातवीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांना ते पहाटे सहाला बोलावून फुकट शिकवायचे आणि ताई त्या वर्गातल्याच. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की शोकसभा नको, सरांच्या आयुष्याचा सोहळा करायचा. मंगल कार्यालय, सहाशे माणसं, आमदार प्रमुख पाहुणे, जेवण, शाळेच्या आवारात अर्धपुतळा. सरांच्या पत्नींना, म्हणजे काकूंना, फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल ते करा रे पोरांनो." सूत्रसंचालन ताईंकडे आलं. मग एका वर्गमित्राने ग्रुपवर लिहिलं, "सरांच्या छडीपायी मी नववीत शाळा सोडली. हे बोलू देणार असाल तर येतो." दहा मिनिटांत ॲडमिनने त्याला काढून टाकलं. ताई विचारतात, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलणं बरोबर आहे का? 'मरणान्तानि वैराणि' असं आपल्याकडे म्हणतात ना? आणि मी सूत्रसंचालन करू की नको?

ताई,

तुमच्या पत्रात मला सर दोनदा भेटले. एकदा पहाटेच्या वर्गात. कानाला मफलर, फळ्यावर 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' एवढेच तीन शब्द, आणि हातातला खडू समोरच्या कोणाकडे तरी टाकून "चल, पुढचं तू" म्हणणारे. आणि दुसऱ्यांदा तुम्ही सोबत जोडलेल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मसुद्यात. तिथे ते 'ऋषितुल्य', 'ज्ञानतपस्वी' आणि 'हजारोंचे दीपस्तंभ' आहेत. हे दुसरे सर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात, कुठल्याही फ्लेक्सवर सापडतील. नाव बदललं की झालं. सभा यांतल्या कोणत्या सरांची करायची हे ठरलं, तर तुमचे बाकीचे बरेच प्रश्न मार्गी लागतील असं मला वाटतं.

पण आधी काकूंकडे वळते, कारण पत्रात त्यांना एकच वाक्य मिळालंय आणि त्या वाक्यावर सहाशे माणसांचा मांडव उभा राहतोय.

"तुम्हाला वाटेल ते करा" ही परवानगी आहे असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात. असेलही. पण आपल्या घरांमधून हे वाक्य कधी कधी ऐकू येतं ते आठवा. दमलेलं माणूस असं म्हणतं. समोरच्याला नाही म्हणणं जिवावर येतं तेव्हा असं म्हणतात. फोनवर चार-पाच उत्साही आवाज एकदम बोलत असतील आणि घरात एकटेपण असेल, तर फोन ठेवण्यासाठीसुद्धा असं म्हणतात. नवरा जाऊन तीनच महिने झालेत. या बाईला एका हॉलमध्ये सहाशे माणसांसमोर पुढच्या सोफ्यावर तीन तास बसायचंय, प्रत्येक वक्त्याने "काकू, सर गेले नाहीत" म्हटलं की मान डोलवायची आहे. हे त्यांना झेपणार आहे का, हे कोणी विचारलं?

तेव्हा एका रविवारी गावी जा. दोघी-तिघी जा, शिष्टमंडळ नको. जाताना आराखडा, पत्रिका, पुतळ्याचं कोटेशन यांतलं काही नेऊ नका. गप्पा मारा, चहा घ्या, आणि दोनच गोष्टी विचारा. सरांना स्वतःला असं काही आवडलं असतं का? आणि तुम्हाला काय नको आहे? 'काय हवं' विचारलंत तर पुन्हा तेच उत्तर येईल. 'काय नको' याचं उत्तर माणसं मोकळेपणी देतात. मुलगा-मुलगी परगावी असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला. वर्षश्राद्धाच्या आधी काहीच नको असं घरच्यांचं म्हणणं निघालं तर थांबा. सरांना सहा-आठ महिने उशीर झाल्याने काही बिघडत नाही. घाई आहे ती ग्रुपला, कारण ग्रुपचा उत्साह टिकत नाही.

याच संदर्भात एक बारीकशी गोष्ट, जी आयोजक पुरुषांच्या लक्षात सहसा येत नाही. दारात अत्तर-गुलाब आणि हळदीकुंकवाचं तबक घेऊन दोन मुली उभ्या करतात. येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लागतं, आणि ज्यांच्या नवऱ्याची सभा आहे त्या काकू आल्या की ती मुलगी गडबडते, तबक मागे घेते. सगळ्यांनी बघितलेलं असतं, कोणी काही बोलत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाले म्हणून तबक धरलेला हात लगेच बदलत नाही. तुमच्या सभेत ते तबकच ठेवू नका. सगळ्यांना एकेक फूल द्या, काकूंनाही तेच.

आता आमदार. माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. प्रमुख पाहुणा आला की सभा त्याची होते. वेळ दहाची असते, गाडी साडेअकराला येते. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, व्यासपीठावरच्या अठरा जणांना शाल-श्रीफळ, त्यातल्या एकाचं नाव राहिलं म्हणून पुन्हा माईक. पाहुणे बोलतात त्यात सर सुरुवातीच्या दोन वाक्यांत आणि रस्त्याचं काम उरलेल्या वीस मिनिटांत. ते उठतात तसा निम्मा हॉल उठतो. आणि शाळेचे शिपाईमामा, ज्यांनी सरांना तीस वर्षं रोज पहिल्या तासाआधी खडूचा डबा आणून दिला, ते शेवटच्या रांगेत खुर्ची शोधत असतात. आमदार सरांचे विद्यार्थी असतील तर जरूर बोलवा, पण विद्यार्थी म्हणून: इतरांसारखी चार मिनिटं आणि श्रोत्यांतली खुर्ची. तसं चालणार नसेल तर त्यांचा शोकसंदेश वाचून दाखवा.

आता त्या वर्गमित्राकडे येऊ. तुमचं पत्र खरं तर त्याच्याबद्दलच आहे.

तुम्ही 'मरणान्तानि वैराणि' लिहिलंत. वाल्मीकि रामायणात हे कोण कोणाला म्हणतं? रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो: वैर मरणापाशी संपलं, आता याचे अंत्यसंस्कार कर. म्हणजे ज्याचं वैर होतं, ज्याने सोसलं होतं, त्यानेच ते मिटवलं. रामाला कोणी बाजूला घेऊन "आता गप्प बस, माणूस गेलाय" असं सांगितलं नव्हतं. तुमच्या ग्रुपने हे वाक्य नेमकं उलटं वापरलं. ज्यांना छडी लागली नाही त्यांनी, ज्याला लागली त्याच्या वतीने, वैर संपल्याचं जाहीर केलं.

शिवाय त्याने जे लिहिलं त्यात वैर कुठे आहे? मी ते वाक्य पुन्हा वाचलं. 'सर वाईट होते' असं त्याने म्हटलेलं नाही. आपलं काय झालं ते सांगितलंय, आणि 'येतो' असंही म्हटलंय. ज्याला खरंच काही देणंघेणं उरलेलं नसतं तो ग्रुप म्यूट करून झोपतो.

तुमचा एक समज मला हळूच तपासून बघावासा वाटतो. तुम्ही लिहिता, "सर मारायचे, पण आमच्या भल्यासाठी. आम्हाला सगळ्यांनाच बसायची." सगळ्यांना सारखीच बसायची का? आठवून बघा. गृहपाठ नसला की छडी. गृहपाठ कोणाचा नसायचा? ज्याच्या घरी संध्याकाळी जनावरं बघायची असत, कंदिलाचं रॉकेल पुरवून वापरायचं असे, सुगीत चार दिवस रानात जावं लागे. उशीर झाला की छडी. उशीर कोणाला व्हायचा? तीन मैलांवरच्या वाडीवरून चालत येणाऱ्याला. पहाटे सहाचा वर्ग फुकट होता हे खरं, पण पहाटे सहाला तिथे पोचणं कोणाला शक्य होतं? तुम्ही गावात राहत होता. तो कुठे राहायचा, हे तुमच्या पत्रात नाही. कदाचित तुम्हाला माहीत असेल, कदाचित कधी विचारावंसं वाटलं नसेल.

हे लिहिताना सरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची मला हौस नाही. त्या काळी घरचेच शाळेत येऊन सांगून जात, "दोन फटके जास्त द्या, पण पोराला मार्गी लावा." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली, कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तोवर सर निवृत्त झाले होते. ज्या काळात छडी हे फळा-खडूइतकंच साधं साधन समजलं जात होतं, त्या काळातले ते शिक्षक होते. एवढं सांगितलं की त्यांचं वागणं समजतं. त्या मुलाचं नववीत सुटलेलं शिक्षण मात्र त्याने परत येत नाही. दोन्ही खरं आहे, आणि एकाच माणसाबद्दल खरं आहे. पहाटे उठून फुकट शिकवणारा आणि सातच्या ठोक्याला उशिरा आलेल्याचे हात लाल करणारा, दोन्ही तुमचे सरच.

तेव्हा पहिलं काम: त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. समजूत घालायला करू नका, "जाऊ दे ना आता" म्हणायला तर मुळीच करू नका. एवढंच म्हणा की तुला काढलं ते मला पटलं नाही, आणि नववीत नेमकं काय झालं ते मला कधी कळलंच नव्हतं. मग ऐका. तो कदाचित तासभर बोलेल, कदाचित दोन मिनिटांत ठेवून देईल. तो सध्या काय करतो, त्याची मुलं काय शिकतात, हेही विचारा. तीस वर्षांत त्याला वर्गातल्या कोणी फोन केला असेल असं वाटत नाही.

दुसरं: ॲडमिनशी बोलून त्याला पुन्हा ग्रुपमध्ये घ्या. दिलगिरीचं एक वाक्य ॲडमिनने लिहावं. ही अट तुम्ही सूत्रसंचालन स्वीकारताना घालू शकता, आणि घालावी असं मला वाटतं.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. त्याला व्यासपीठावर बोलू द्यायचं का? इथे मी तुम्हाला सरळ 'हो' सांगणार नाही. कारण सभेत काकू बसलेल्या असतील, आणि ध्यानीमनी नसताना, सगळ्या गावासमोर, नवऱ्याबद्दल हे त्यांच्या कानावर पडावं हा त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून आधी काकूंना सांगा. तुम्हाला वाटतं तेवढा धक्का त्यांना बसेलच असं नाही. शिक्षकाची बायको गावात चाळीस वर्षं राहते. बाजारात कोण आपल्याला बघून रस्ता बदलतं, हे तिला ठाऊक असतं. निवृत्तीनंतर काही शिक्षक या गोष्टी घरात बोललेलेही असतात. काकू म्हणाल्या, येऊ दे त्याला, बोलू दे, तर त्याला इतरांइतकीच चार मिनिटं द्या. आधी भाषण लिहून मागू नका, तपासू नका. त्याच्यानंतर लगेच कोणा लाडक्या विद्यार्थ्याला 'उत्तर' द्यायला उभं करू नका. पुढच्या वक्त्याचं नाव घ्या आणि कार्यक्रम चालू ठेवा.

काकूंना ते नको असेल, तर त्यांचा शब्द शेवटचा. मग त्याला तसं स्पष्ट सांगा, आणि दुसरी जागा द्या. आठवणींचं हस्तलिखित करणार असाल तर त्यात त्याचं पान असू दे, त्याच्याच शब्दांत. तेही त्याला नको असेल तर त्याने न येणं हेसुद्धा त्याचं उत्तर आहे. ते मान्य करायचं.

आणि दोन्ही परिस्थितींत, सूत्रसंचालक म्हणून प्रास्ताविकात एक वाक्य तुमचं स्वतःचं असू दे. मी असं काहीसं म्हटलं असतं: "सरांनी आमच्यातल्या काहींना पुढे नेलं, आणि काहींच्या आठवणीत सरांबरोबर छडीही आहे. आज इथे दोघांनाही जागा आहे." एवढं पुरे. त्यावर भाषण नको. हे वाक्य ऐकून मागच्या रांगेतले तीन-चार जण मान वर करतील, कारण छडी खाल्लेला तो एकटा नव्हता. बोलणारा तेवढा एकटा निघाला.

हस्तलिखिताचा विषय निघालाच आहे तर त्याचा आग्रह धरते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. पुढे आपल्या शाळाशाळांतून हस्तलिखितं निघत राहिली. तुमच्याही शाळेच्या कपाटात असतील. सरांसाठी तसंच एक करा. प्रत्येकाने एकच पान, स्वतःच्या अक्षरात, एकच घडलेली गोष्ट लिहायची. विशेषणं बाद. परदेशातल्यांनी पान लिहून फोटो पाठवावा किंवा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून द्यावा. त्यांना ऐन सभेत झूमवर जोडायच्या भानगडीत पडू नका. "हॅलो, आवाज येतोय का" यात दहा मिनिटं जातात, आणि आपली सकाळची दहाची सभा न्यूयॉर्कला मध्यरात्रीच्या आसपास पडते. मूळ प्रत काकूंना, झेरॉक्स शाळेच्या वाचनालयाला.

पुतळ्याबद्दल थोडक्यात. संस्थेची मान्यता, प्रशासनाच्या परवानग्या, चौथरा, मग दर जयंतीला हार कोण घालणार यावरून रुसवेफुगवे. चार वर्षांनी नाकाचा रंग उडालेला असतो आणि कावळे असतात. दोन लाख जमणार असतील तर ते शाळेच्या नोंदणीकृत संस्थेकडे कायम ठेव म्हणून द्या. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला तेरा हजार व्याज येतं. पैसे कोणा एकाच्या फोनपेवर गोळा करू नका. गणपती मंडळांनासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तुम्हाला ते उपद्व्याप कशाला? देणगीदारांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, पावती घ्यावी, आणि ठेवीच्या पत्रात व्याज कशासाठी वापरायचं ते नेमकं लिहून घ्यावं. ते लिहिलं नाही की व्याज रंगरंगोटीत जातं.

आणि कृपा करून 'गणितात प्रथम येणाऱ्यास' असं पारितोषिक ठेवू नका. त्या मुलाला आधीच सात बक्षिसं असतात. जुन्या शाळांच्या फळ्यांवर 'कै. अमुक स्मृती पारितोषिक, रु. ५१' असं अजून दिसतं, आज त्यात धड कंपासपेटी येत नाही. तेरा हजारांत वाडीवरून येणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीची पुस्तकं घेता येतील. किंवा गणितात नापास होत होत नववी ओलांडणाऱ्यांची दहावीची सोय बघता येईल. कोणासाठी ठेवायचं हे ठरवताना त्या वर्गमित्राला विचारलंत तर तो बहुधा तुमच्यापेक्षा बरं सुचवेल.

सभा दोन तासांची करा, शाळेच्याच हॉलमध्ये. वक्ते आठच, चार मिनिटांची घंटा शिपाईमामांच्या हातात. मामांना पुढे बसवा, आणि ते तयार असतील तर पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्या. दर दशकातला एक विद्यार्थी, एक सहकारी शिक्षिका, दहावीला गणितात नापास झालेला एक जण. मध्ये एक फळा ठेवा आणि कोणीतरी सरांच्या पद्धतीने एक प्रमेय सिद्ध करून दाखवा. मधेच खडू श्रोत्यांत टाकायचा, "चल, पुढचं तू." हॉल हसेल, आणि दोन-चार जण डोळे पुसतील, तुम्हाला सोहळाच हवा होता ना? शेवटी पसायदान घ्यायचं की नाही, फोटोला हार घालायचा की नाही, हे सरांच्या स्वभावावर आणि घरच्यांवर सोडा.

तर सूत्रसंचालन करा. काकूंची भेट, मित्राला फोन आणि ॲडमिनचं ते एक वाक्य, एवढं झाल्यावर करा. ग्रुपने ऐकलंच नाही तर नम्रपणे नाही म्हणा. माईक घ्यायला हौशी माणूस कुठेही मिळतो. तुम्ही काकूंकडे एकट्याही जाऊ शकता, तुमचं एक पान घेऊन.

मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स अजून दिलेला नसेल तर तेवढा आठवडाभर थांबवा. तो परत मिळत नाही, आणि एकदा दिला की सहाशे माणसं बोलवावीच लागतात.